कीर्द, खतावणी आणि साधा मजकूर

बोरिवलीच्या डोंगरातली कान्हेरीची लेणी आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिली असतील. निदान सहलीचा डबा तरी तेथे उघडला असेल. तेथल्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत जे लेख आहेत त्यांत काव्य फारसे नाही. अमक्या गावच्या अमक्या व्यापाऱ्याने लेणे दिले, पाण्याचे टाके दिले, शेत दिले, अमुक रक्कम अक्षयनीवी म्हणून ठेवली आणि तिच्या व्याजातून भिक्षूंना वस्त्रे द्यावीत, असा तो मजकूर आहे. अक्षयनीवी म्हणजे ज्याला हात लावावयाचा नाही असे मुद्दल. आजच्या भाषेत बोलायचे तर ही संस्थेची ठरावांची वहीच आहे. कागदाऐवजी कातळ वापरला एवढेच. त्याच डोंगरात पहलवी लिपीतले काही लेखही आहेत. इसवी सन १००९ आणि १०२१ मध्ये आलेल्या पारशी मंडळींनी आपली नावे, आणि यज्दगर्दी सन, महिना व दिवस तेथे कोरून ठेवला. नाव आणि तारीख, बाकी काही नाही. टिपण याहून साधे असू शकत नाही.

पण या कान्हेरीच्या लेखांची एक गोष्ट मनाला लागते. अक्षर शाबूत होते, दगड शाबूत होता, आणि तरी कित्येक शतके आसपासच्या एकाही माणसाला त्यातले अक्षर लागत नव्हते. जेम्स प्रिन्सेपने १८३७ च्या सुमारास ब्राह्मी उलगडली तेव्हा कोठे त्या दानांना पुन्हा तोंड फुटले. लिहिलेले टिकणे आणि लिहिलेले वाचता येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आजचे माझे सारे बोलणे या दोहोंमधल्या फटीविषयी आहे. आणि त्यात आमच्या घाटकोपरच्या एका लहानशा वाचनालयाची एक खोली अडकलेली आहे, म्हणून विषय नुसता पुराणवस्तूंचा राहात नाही.

प्रथम जुन्या दफ्तराकडे वळू. शिवछत्रपतींच्या अष्टप्रधानांत मंत्री म्हणजे वाकनीस; रोजच्या घडामोडींची नोंद हे त्याचे काम. पेशवाईत ही विद्या फारच पुढे गेली. दफ्तराचे अनेक भाग होते. त्यांत ‘चालते दफ्तर’ आणि ‘एक बेरीज दफ्तर’ हे दोन मुख्य. चालत्या दफ्तरात हाताखालची कामे, आणि एक बेरीज दफ्तरात सगळ्या खात्यांचा गोळा झालेला हिशेब. नावे किती चपखल आहेत पाहा!

या दफ्तराचा प्राण म्हणजे रोजकीर्द. दिवसभरात जे घडले, जे आले, जे गेले, ते घडले त्याच क्रमाने कीर्दीत उतरवावयाचे. सकाळी हत्तीच्या चाऱ्याचा खर्च, दुपारी देवस्थानची वर्षासने, संध्याकाळी कुणा शिलेदाराची बक्षिसी. लिहिताना वर्गवारीचा विचार करीत बसावयाचे नाही. विचार करीत बसणारा कारकून दिवस संपेपर्यंत निम्मे विसरतो. वर्गवारी मागाहून. कीर्दीतल्या नोंदी उचलून त्या त्या सदराखाली मांडल्या म्हणजे खतावणी झाली. खतावणीवरून तर्जुमा, म्हणजे जमाखर्च आणि शिल्लक यांचा एकत्र गोषवारा. ताळेबंद त्याच्याही पुढचा. कीर्द काळाच्या क्रमाने चालते, खतावणी विषयाच्या क्रमाने. मजकूर एकच, पण पाहण्याच्या दिशा दोन. ही युक्ती आपल्या पेढ्यांवरच्या मुनीमांना आणि किराणा दुकानदारांनाही ठाऊक होती. परंतु एका राज्याचा सारा व्यवहार तिच्यावर उभा राहिला हे विशेष.

तिचा कमकुवतपणाही तेव्हाच उघड झाला. दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानीत दफ्तराची आबाळ झाली. माणसांची शिस्त गेली की वह्यांची शिस्त राहात नाही. पेशवाई बुडाल्यावर हजारो रुमाल इंग्रजांच्या हाती गेले. न्यायमूर्ती रानड्यांनी १९०० साली पेशव्यांच्या रोजनिश्यांवर निबंध वाचला. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात त्या अफाट दफ्तरातून ४५ खंड निवडून काढले. तोवर मोडी वाचणारे भरपूर होते. आज पुण्याच्या पुराभिलेखागारात तीस हजारांहून अधिक रुमाल आहेत, कागद पुष्कळसा धड आहे, आणि मोडी सफाईने वाचणारी माणसे मात्र वर्ग काढून तयार करावी लागतात. मोडी लिहिताना हात उचलावयाचा नाही, शब्दाशब्दांत जागा सोडावयाची नाही, ऱ्हस्वदीर्घाची फिकीर करावयाची नाही. लिहिणाऱ्याची सोय शंभर टक्के झाली, आणि तिचे बिल वाचणाऱ्याच्या पणतवंडांच्या नावे फाटले!

कागदाच्या चिठ्ठ्यांचा एक मोठा प्रयोग आपल्याकडे झाला, त्याचा ओझरता उल्लेख करतो. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ साली डॉ. सु. मं. कत्रे यांनी संस्कृत कोशाचे काम सुरू केले. सुमारे १५०० ग्रंथांतून शब्द टिपून घेतले आणि चिठ्ठ्यांची संख्या एक कोटीच्या आसपास गेली. पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. एका चिठ्ठीवर एक शब्द, एक प्रयोग, एक ठिकाण. चिठ्ठी हवी तेथे हलविता येते, हा कीर्दीवर तिचा वरचष्मा. पण चुकीच्या खणात गेलेली चिठ्ठी म्हणजे हरवलेली चिठ्ठी, हे तेथे काम केलेला कुणीही सांगेल.

आता संगणकाकडे येतो. १९६३ साली अमेरिकेत अक्षरांचा एक प्रमाण-तक्ता ठरला. प्रत्येक रोमन अक्षराला एक क्रमांक. क्रमांकांच्या या माळेलाच साधा मजकूर म्हणतात. त्यात रंग नाही, ठळकपणा नाही, चौकट नाही. पण साठ वर्षांपूर्वीची माळ आजचे यंत्र बिनतक्रार वाचते. देवनागरीला मात्र या पंगतीत पान मिळावयास वेळ लागला. कानपूरच्या आय. आय. टी. मध्ये सुरू झालेले आणि पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेले काम, त्यातून १९९१ चे भारतीय प्रमाण ‘इस्की’, आणि त्याच वर्षी आलेल्या युनिकोडमध्ये देवनागरीचा स्वतंत्र खण, अशी ती वाट आहे. उपनगरांचाही तीत वाटा आहे. पवईच्या आय. आय. टी. तले प्राध्यापक आणि पुढे जुहूच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात काम केलेले सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी ‘मंगल’ हा टंक घडविला. तो विंडोज २००० बरोबर घरोघर गेला. देवनागरी वळणांचा आयुष्यभर विचार केलेल्या माणसाच्या हातचे अक्षर आपण अर्ज भरताना पाहात होतो, आणि बहुतेकांना त्याची दादही नव्हती.

परंतु युनिकोड रुळेपर्यंत मधली दहापंधरा वर्षे मराठीने काय केले? एक चलाखी केली. रोमन अक्षरांच्या क्रमांकांवरच मराठी अक्षरांची चित्रे चढविली. यंत्राच्या लेखी तो मजकूर रोमनच. पडद्यावर तेवढा मराठी दिसे. प्रत्येक विक्रेत्याची चित्रे वेगळ्या क्रमांकांवर. तो टंक यंत्रावर असेपर्यंत सारे आलबेल. नसला की पत्रिकेच्या जागी स्वल्पविराम, कंस आणि रोमन अक्षरांची खिचडी. माझ्या मते ही आपल्या काळातली मोडीच होय. फरक एवढाच की मोडी सातशे वर्षे तरी चालली.

आमच्या वाचनालयाच्या सभांची इतिवृत्ते १९९६ ते २००३ पर्यंत अशाच एका टंकात होती. विक्रेत्याचे नाव घेत नाही. तो बिचारा धंदा बंद करून केव्हाच गेला. छापील प्रती तळमजल्यावरच्या कपाटात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा त्या कपाटाचे खालचे तीन कप्पे पाण्याखाली गेले. पुस्तके वाळवली, इतिवृत्तांचा लगदा झाला. फायली एका सदस्याच्या फ्लॉपीवरून तबकडीवर आणि तेथून कुठे कुठे फिरत राहिल्या, कुणी उघडल्या नाहीत. मग इमारतीचा पुनर्विकास निघाला. उपनगरात राहणाऱ्या श्रोत्यांना या शब्दाचा अर्थ समजावून सांगावयास नको. प्रश्न उभा राहिला: वाचनालयाची तळमजल्यावरची खोली सोसायटीने कोणत्या अटीवर दिली होती? नव्या इमारतीत तिला जागा आहे की नाही? वडीलधाऱ्यांना आठवत होते की १९९९ साली ठराव झाला होता. ठरावात काय होते, याविषयी मात्र जितकी माणसे तितक्या आठवणी.

हे काम माझ्याकडे आले, आणि त्या निमित्ताने ज्या साधनाशी माझी गाठ पडली त्याची हकिकत सांगितली पाहिजे. त्याचे नाव ऑर्ग-मोड. ते ‘ईमॅक्स’ नावाच्या लेखन-यंत्रणेच्या पोटात राहते. ईमॅक्सचा जन्म १९७६ मध्ये एम. आय. टी. च्या प्रयोगशाळेत झाला. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८५ मध्ये त्याचे ग्नू रूप सर्वांना मोकळे केले. पुढे २००३ साली ॲमस्टरडॅमचे खगोलशास्त्रज्ञ कार्स्टन डोमिनिक यांना स्वतःच्या टिपणांचा आणि कामांचा मेळ घालता येईना, म्हणून त्यांनी ईमॅक्सवर ऑर्ग बसविले. ग्रहांच्या धुळीचा अभ्यास करणाऱ्या माणसाने टेबलावरच्या पसाऱ्याला कंटाळून हे करावे, याची मला मौज वाटते.

त्याची रीत अशी. ओळीच्या आरंभी एक तारा काढला की ते शीर्षक. दोन तारे काढले की पोटशीर्षक. शीर्षकाआधी ‘करायचे’ लिहिले की ते काम. ‘झाले’ लिहिले की संपले. कोनाकृती कंसात तारीख. दोन अपूर्णविरामांच्या मध्ये खूण: वर्गणी, पुस्तके, दुरुस्ती, जे असेल ते. बस्स. फाईल साध्या मजकुराचीच राहते. ऑर्ग उद्या बंद पडले तरी ती कोणत्याही यंत्रावर उघडून वाचता येते. आणि मग एक आज्ञा दिली की सगळ्या फायली चाळून या आठवड्याची कामे तारखेवार समोर येतात. दुसरी दिली की फक्त ‘वर्गणी’ची. लिहिलेले जागचे हलत नाही. मी हे पहिल्यांदा पाहिले तेव्हा मनात म्हटले, ही तर खतावणी! कीर्द लिहावी आपण, आणि खतावणी मांडावी यंत्राने. एक बेरीज दफ्तरातल्या कारकुनांना हे दाखविता आले असते तर त्यांनी आधी संशयाने पाहिले असते आणि मग आपली नोकरी जाणार की काय ते विचारले असते.

पण हे साधन इंग्रजी घरात वाढलेले. मराठीत आणताना ते जागोजाग अडले, आणि त्या अडचणी सांगण्यासारख्या आहेत.

पहिली अडचण माझ्याच हट्टाने आली. मी तारखा देवनागरी आकड्यांत घातल्या. मराठी फाईल, मराठी आकडे. वर्षभराची कामे लिहून आज्ञा दिली तर आठवडा कोरा! चूक झाली असे यंत्र म्हणत नाही, गप्प बसते. हीच खरी पंचाईत. दोन दिवस शोधल्यावर कळले की तारखेचा साचा फक्त रोमन आकडे ओळखतो. देवनागरी आकड्यांतली तारीख त्याच्या लेखी नुसती नक्षी. तेव्हा तडजोड केली: कंसातली तारीख रोमन आकड्यांत, बाकी मजकुरात देवनागरी. वारांची आणि महिन्यांची नावे मात्र मराठी करून घेतली, ती त्याने मुकाट्याने घेतली. ईमॅक्सच्या पंचांगात हिब्रू, इस्लामी, फारसी, इतकेच काय माया लोकांचीही कालगणना आहे. मला मिळालेल्या आवृत्तीत शके आणि तिथी मात्र नव्हत्या. वाचनालयाचा गुढीपाडव्याचा कार्यक्रम दरवर्षी हाताने लिहावा लागतो.

दुसरे, ‘करायचे’ आणि ‘झाले’ हे शब्द. फाईलच्या माथ्यावर एका ओळीत ते सांगावे लागतात. मी सांगितले, आणि काहीच घडले नाही. ओळ लिहिल्यावर ती लागू करण्याची आज्ञा द्यावी लागते, किंवा फाईल बंद करून पुन्हा उघडावी लागते. ठराव मांडून भागत नाही, मंजूर करावा लागतो, असे आमचे कार्यवाह यावर म्हणाले.

तिसरे, कोष्टके. वर्गणीच्या कोष्टकाच्या उभ्या रेघा मराठीत वाकड्यातिकड्या होतात, कारण यंत्र प्रत्येक अक्षराची ठराविक रुंदी धरते आणि आपली जोडाक्षरे, वेलांट्या त्या मापात बसत नाहीत. २०२० च्या २७ व्या आवृत्तीपासून जोडाक्षरे जुळविण्याचे काम हार्फबझ नावाच्या यंत्रणेकडे गेले आणि अक्षर सुंदर झाले, रेघा तशाच. त्या जुळविणारी पुरवणी कुणी कुणी लिहिली आहे. मी रेघांचा नाद सोडला.

सगळ्यांत छळले ते स्वतःच्या आज्ञांच्या फाईलने. आपल्याला हवे ते बदल तीत लिस्प भाषेत लिहावयाचे असतात, आणि लिस्पमध्ये कंसच कंस. एक मिटवावयाचा राहिला की त्यापुढचे सारे बदल पाण्यात. येथे जुन्या मुनीमांची रीत उपयोगी पडली. तेरीज जुळेना की मुनीम पाने अर्धी करून चूक कोणत्या अर्ध्यात आहे ते पाही, मग त्याचेही अर्धे. (फरकाला नवाने नि:शेष भाग गेला तर दोन आकड्यांची अदलाबदल झाली असण्याचा संभव, हीही त्यांचीच खूण.) ईमॅक्स आधी कोणत्याही बदलांशिवाय कोरे उघडावे, दोष तेथेही दिसला तर तो आपला नाही. दिसला नाही तर आज्ञांची अर्धी फाईल बाजूला ठेवून पाहावे. दहाबारा खेपांत हजार ओळींतली चूक सापडते.

आता ठरावाकडे. खिचडीचा मजकूर परत मराठी करण्यासाठी तक्ता लागतो: कोणत्या रोमन चिन्हावर कोणते चित्र होते. मूळ टंक एका जुन्या यंत्रावर मिळाला, म्हणून तक्ता करता आला. पण नुसती अदलाबदल पुरत नाही. जुन्या टंकात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकित होई, कारण ती डोळ्यांना आधी दिसते. युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर येते, कारण आपण ती नंतर उच्चारतो. रफाराचे उलटे: जुन्या टंकात तो शेवटी, उच्चारात आधी. म्हणजे प्रत्येक शब्दात अक्षरांच्या जागा बदलावयाच्या. आठ वर्षांची इतिवृत्ते अशी उलटवून ऑर्गमध्ये घातली. प्रत्येक सभा एक शीर्षक, प्रत्येक ठराव पोटशीर्षक.

आणि शोध घेतला तर ठराव नाही! ‘वाचनालय चालविणाऱ्या’ हे शब्द त्यात होते, असे दोघांना पक्के आठवत होते. शब्द घातला, निकाल शून्य. मंडळी हताश झाली. एकाने तर ठराव कधी झालाच नसेल असेही म्हटले, आणि समोरच्या बाजूला तेवढेच हवे होते. दोष निघाला तो ‘ऱ्या’मध्ये. मराठीतला हा अर्धा र दोन तऱ्हांनी टंकित होतो: एक नुक्त्याचा ऱ घेऊन हलन्त करावयाचा, किंवा साधा र, हलन्त, आणि मध्ये एक न दिसणारे जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही अगदी एक; यंत्राला दोन परके शब्द. माझ्या तक्त्याने दुसरी तऱ्हा वापरली होती, माझी बोटे पहिली वापरीत होती. ते न दिसणारे चिन्ह खुणेच्या नावात आले तर ऑर्ग ती खूण मानीतही नाही, हे त्याच दिवशी समजले. सगळीकडे एकच तऱ्हा केली, पुन्हा शोधले, आणि ठराव समोर आला.

त्यात लिहिले होते की तळमजल्यावरील खोली ‘वाचनालय चालविणाऱ्या समितीकडे पुढील ठराव होईपर्यंत विनाभाडे राहील’. अक्षयनीवी नव्हे, कायमची म्हणून कुणी दिली नव्हती, आणि उसनी म्हणूनही नव्हती. आमच्यातले जे कायमची म्हणत होते ते खट्टू झाले, आणि तात्पुरती म्हणणाऱ्यांनाही मनासारखे मिळाले नाही. मग २००३ पर्यंतची सारी इतिवृत्ते आणि त्यापुढच्या हस्तलिखित वह्या पाहिल्या. ‘पुढील ठराव’ कोठेही सापडला नाही. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत ती ओळ मोठ्याने वाचली गेली, तिची छापील प्रत फिरली, आणि नव्या आराखड्यात जिन्यालगत एक खोली वाचनालयाच्या नावाने धरली गेली. मापाने पहिल्या खोलीपेक्षा थोडी लहान. या वेळचा ठराव साध्या मजकुरात आहे, त्याच्या तीन प्रती तीन घरी आहेत, आणि एक कागदावर काढून वरच्या कप्प्यात ठेवली आहे.